मुदखेडला वारलेले शंकरप्पा

आपण वारलो आहोत ही बातमी शंकरप्पांना लातुरात कळली, आणि तीही चष्मा जवळ नसताना.

चष्मेवाल्यानं काचा बदलायला चष्मा ठेवून घेतला होता आणि "काका, तोवर जेवून या" असं सांगितलं होतं. शंकरप्पा औशाहून जेवूनच निघाले होते. आता पोटात जागा नाही, समोरचं धड दिसत नाही आणि वरून ऊन. जायचं कुठं? रस्त्यापलीकडं एका न्यासाचं वस्तुसंग्रहालय होतं. आत पंखे फिरत होते, तिकीट नव्हतं. औशाच्या बाजार समितीसमोर बारदान्याचं, म्हणजे पोत्यांचं, दुकान चालवण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस फुकटची सावली सोडत नसतो. शंकरप्पा आत शिरले.

आत कपाटाएवढा एक पडदा उभा होता आणि त्याच्याशेजारी वर्षाराणी नावाची तिथं नोकरी करणारी मुलगी. सकाळपासून एक माणूस फिरकला नसावा, कारण तिनं शंकरप्पांना दारातच गाठलं.

"काका, नाव अन् गाव सांगा. बघू आपल्या खजिन्यात तुमचं काय निघतंय."

"माझं काय निघणार बाई? मी चष्म्याला आलोय."

तिनं ते कानावर घेतलं नाही. आमच्याकडे जुन्या वस्तू आहेत, तुमच्या औशाच्या वाचनालयात जुने फोटो आहेत, नांदेडच्या दप्तरखान्यात जुने कागद आहेत, असं तिनं समजावलं. इतकी वर्षं तिघांची तोंडं तीन दिशेला होती. आता तिघांनी हातमिळवणी करून सगळं स्कॅन केलं होतं आणि एका जागी आणलं होतं. एक नाव टाकलं की तिन्हीकडचं एकदम समोर येतं. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की नाही म्हणणं शंकरप्पांच्या जिवावर आलं.

"लिही. शंकरप्पा महादेवप्पा, बारदानवाले, औसा."

आडनाव त्यांनी सांगितलं नाही. औशात ते कुणी विचारत नाही. बापाचं नाव आणि धंदा सांगितला की माणूस ओळखला जातो.

पडद्यावर काहीतरी आलं. एका बाजूला काळंपांढरं, दुसऱ्या बाजूला चकाकणारं काहीतरी आपल्याभोवती आपणच फिरत होतं. "तूच वाच," शंकरप्पा म्हणाले. ती वाचू लागली. शंकरप्पा महादेवप्पा, औसा येथील बारदान्याचे व्यापारी. वाचनाची मोठी आवड, वाचनालयाचे बक्षीस मिळाले. रझाकारीच्या साली मालाच्या कामासाठी नांदेडच्या पुढे जात असता मुदखेड स्टेशनवर तापाने मृत्यू. नाव-गाव खिशातल्या पावतीवरून कळले, पण धामधुमीत घरी निरोप गेला नाही; बेवारस म्हणून माती देण्यात आली. अंगावरची चांदीची करडगी तेव्हा जमा करून घेतली, ती आता आपल्या संग्रहात आहे.

वर्षाराणी थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुमचे कोण लागत होते हे?"

शंकरप्पांनी नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढं नेलं. काळ्यापांढऱ्यात एक तरुण दिसला. अंगात कोट, हातात पुस्तक, भांग पाडलेला. त्या कोटाची बाही आखूड होती आणि त्यामुळं बक्षिसाच्या दिवशी हात कुठं लपवावेत ते कळत नव्हतं, हे त्यांना लख्ख आठवलं.

"हा मी हाय," ते म्हणाले.

"पण काका, हे तर वारलेत."

"ते आत्ता तूच सांगितलं की. त्याच्या आधी मला कुठं म्हाईत हुतं?"

वर्षाराणीनं पडद्यावर बोटं मारून पाहिलं. फोटोच्या मागची तारीख निघाली. वारलेल्या माणसानं वारल्यानंतर तीसेक वर्षांनी वाचनालयाचं बक्षीस घेतलं होतं. ती बिचारी कावरीबावरी झाली. म्हणाली, मशीन नाव बघतं, बापाचं नाव बघतं, गाव बघतं, धंदा बघतं. चारही जुळले की एकच माणूस धरतं. शंकरप्पांना मशीनचा राग आला नाही. चारही जुळले तर त्यांनीही एकच माणूस धरला असता. त्यांचा गोंधळ निराळाच होता. आपण नक्की दोन आहोत, हे आता कुणाला आणि कसं पटवायचं?

कारण मुदखेडला वारलेले शंकरप्पा म्हणजे त्यांचे आजोबा, हे त्यांच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. या घरात आजोबाचं नाव नातवाला देतात. शंकरप्पाचा मुलगा महादेवप्पा, त्याचा मुलगा पुन्हा शंकरप्पा, अशी ही माळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती आपल्या शंकरप्पांपाशी तुटली. बायको शिवकांता बाळंतपणातून उठली ती हट्टालाच पेटली आणि मुलाचं नाव वीरेश ठेवून मोकळी झाली. तेव्हा शंकरप्पांनी महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता. त्या दिवशी लातुरात त्यांना पहिल्यांदाच वाटलं की बाईनं शहाणपणा केला.

पण हे सगळं विचारात येऊन गेलं आणि मग त्यांना करडगीचं सुचलं. करडगी म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. त्यांनी विचारलं, "ह्या डबीत काय हाय?"

"लिंग आहे ना काका. त्याचे पण फोटो काढलेत आम्ही. सगळ्या बाजूंनी."

शंकरप्पा तिथल्या बाकावर बसले. त्यांचा हात आपोआप सदऱ्यावरून स्वतःच्या लिंगाकडं गेला. लिंगायताच्या गळ्यात ते लेकरपणी येतं, रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा होते आणि माणूस मातीत जातो तेव्हा ते त्याच तळहातावर ठेवलेलं असतं. एरवी अंगावेगळं होत नाही. आजोबा कुठं गेले, कसे गेले, घरात कुणाला कधी कळलं नाही. पण इतकी वर्षं एका गोष्टीवर घर तगलं होतं. कुठंही पडले असले तरी लिंग त्यांच्यासंगं गेलं. आणि ते इथं लातुरात होतं, काचेच्या कपाटात, चष्म्याच्या दुकानासमोर. शंकरप्पांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कुणासाठी आलं हेही त्यांना नीटसं कळेना.

चष्मा घेतला तरी औशापर्यंत एसटीत त्यांना काही स्पष्ट दिसलं नाही. घरी आत्याला काय सांगायचं?

शांतम्मा आत्या म्हणजे त्या मुदखेडच्या शंकरप्पांची लेक. आता ऐंशी ओलांडलेली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. शंकरप्पांची आई लवकर गेली, तेव्हा त्यांना हिनंच वाढवलं. पण वाढवलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. बाळाला तिच्या बापाचं नाव ठेवलेलं. मग बापाचं नाव घेऊन हाक कशी मारायची? तिनं पाळण्यातल्या बाळाला "अप्पा" म्हणायला सुरुवात केली आणि वर अहोजाहो. "अप्पा, दूध प्या." "अप्पा, झोपा आता." शाळा चुकवून तळ्यावर गेले त्या दिवशी मार द्यायचा झाला, तर "अप्पा, कान इकडं करा" म्हणून तिनं कान पिळला. घरातली पहिली भाकरी अप्पांना, सणाचा पहिला मान अप्पांना. बरोबरीची पोरं खो खो हसायची. शंकरप्पांनी बालपणभर आजोबापण भोगलं आणि त्यांना ते आवडायचंही, खोटं कशाला सांगा.

त्या संध्याकाळी त्यांनी आत्याला सगळं सांगितलं. मुदखेड, ताप, बेवारस माती. आत्या वाती वळत होती. ती वळतच राहिली.

"म्हंजे हात रिकामा गेला त्यांचा," ती शेवटी म्हणाली.

"हाव."

"अप्पा, ते आना. मी हाय तवर आना. मातीत जाऊ द्या. माझा लई जीव अडकलाय त्याच्यात."

यापुढं शंकरप्पांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. त्यांनी न्यासाकडं अर्ज केला. आजोबांचं इष्टलिंग आहे, रिवाजाप्रमाणे मातीला द्यायचं आहे, कृपया परत मिळावं. वस्तुसंग्रहालयाचे साहेब सज्जन होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग ते पडद्याकडं आणि अर्जाकडं आळीपाळीनं बघत बसले.

"पंचाईत अशी आहे," ते म्हणाले, "की नोंदीत मयत शंकरप्पा महादेवप्पा आणि अर्जदार शंकरप्पा महादेवप्पा. फोटो तुमचा. म्हणजे मयत तुम्ही आणि वारसही तुम्हीच."

"मी जिता हाय साहेब. चा पिऊन राहिलोय तुमच्यासमोर."

"ते मला दिसतंय हो. पण ही नोंद एकट्या आमची नाही. वाचनालय आणि दप्तरखाना, दोघांची संमती लागते. आम्ही आमच्या मनानं ती फोडली तर उद्या कुणीही यायचं आणि म्हणायचं, मी तो नव्हे."

साहेबांचं म्हणणं शंकरप्पांना पटत होतं आणि पटलं म्हणून अधिकच परेशान व्हायला होत होतं. आपण आपले आजोबा नाही, याचा पुरावा माणूस आणणार कुठून? वर्षाराणीनं तोड काढली. त्या शंकरप्पांना प्रत्यक्ष बघितलेलं कुणी हयात असेल तर त्यांचं बोलणं कॅमेऱ्यावर घेऊ. तिन्ही ठिकाणी ती साक्ष जतन होईल आणि तिच्या आधारे नोंद वेगळी करता येईल.

अशी व्यक्ती जगात एकच उरली होती. ती म्हणजे शांतम्मा आत्या.

वर्षाराणी औशाला आली. आत्यानं ठेवणीतलं इरकल नेसलं, कपाळभर विभूती लावली आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसली. वर्षाराणीनं तिच्या हातात टॅब दिला. त्यावर तो आखूड बाहीचा कोट होता. शंकरप्पा चहाचं सांगायला आत गेले होते. त्यांना तिथून सगळं ऐकू येत होतं.

"आजी, या फोटोत कोण आहेत?"

"हे माझे अप्पा." क्षणाचाही विचार न करता.

"म्हणजे तुमचे वडील?"

"अप्पाच म्हनते मी. पहिल्यापासून."

"कसे होते ते?"

"हुते कामून म्हनतीस गं? हायत की. आत चा सांगायला गेलेत."

वर्षाराणीचा चाचरत आवाज आला. "मग आजी, मुदखेडला कोण वारलं?"

"तेबी अप्पाच."

शंकरप्पा आतून धावतच आले. ज्या एका साक्षीनं गाठ सुटायची ती साक्ष मशीनच्या बाजूनं गेली होती. आता दप्तरखाना हसेल, साहेब चहा पाजून वाटेला लावतील, आणि आत्या एक दिवस ह्याच गोंधळात डोळे मिटेल. आयुष्यात कधी आत्यावर आवाज न चढवलेला हा माणूस, त्या लातूरच्या मुलीसमोर ओरडला.

"आत्या, मी तुझा बाप न्हाई! मी महादेवप्पाचा पोरगा हाय. तुझा भाचा हाय मी!"

शिवकांता हातात कप घेऊन दारातच थबकली. आत्यानं टॅब मांडीवर ठेवला आणि पदराच्या टोकानं तो पुसला, काहीच कारण नसताना.

"मला म्हाईत न्हाई व्हय ते," ती म्हणाली. "तुमचं ढुंगन धुतलंय मी, अप्पा. बापाचं धुतात का कुनी?"

मग ती वर्षाराणीकडं वळून सांगू लागली, अगदी सावकाश, एखाद्या नव्या सुनेला घरची रीत सांगावी तसं. ते गेले तेव्हा ती चार-पाच वर्षांची होती. बापाच्या धोतराचा एक सोगा आठवतो, धरून चालल्याचा. विभूतीचा वास आठवतो. तोंड आठवत नाही. लई जोर केला तरी तोंडाच्या जागी काहीच येत नाही. घरात एक फोटो नव्हता. आईला विचारायची सोय नव्हती, आई रडायची. मग ह्यांचं बारसं झालं, नाव ठेवलं. "तवा मनात म्हनलं, ह्येच तोंड धरावं. पोरगं वाढलं तसं बापाचं तोंडबी वाढलं. आता मला इचारलं तर माझ्या बापाचं तोंड ह्येच हाय. दुसरं कुठून आनू?"

वर्षाराणीनं कॅमेरा बंद केला नव्हता, आणि हे आत्याला दिसत होतं. हे सगळं ठेवू का, असं तिनं विचारलं. आत्या म्हणाली, ठेव की, खोटं काय हाय त्यात?

शंकरप्पा ओट्यावर जाऊन बसले. आपण ओरडलो याची त्यांना शरम वाटत होती. मशीननं दोघांना एक धरलं म्हणून ते हेलपाटे घालत होते, आणि तेच काम त्यांच्या घरात एक माणूस जन्मभर, जाणूनबुजून करत आलं होतं. आता चूक कुणाची म्हणायची? बसल्या बसल्या त्यांना असंही वाटलं की आपल्याला आयुष्यभर जी माया मिळाली ती आपली की आजोबांची? पहिली भाकरी कुणाला होती? डोकं गरगरायला लागलं तसे ते उठून दुकानात गेले आणि उगाच रचलेली पोती परत रचत बसले.

त्या साक्षीवरून तिन्ही ठिकाणी एकमत झालं. शंकरप्पा दोन झाले. साहेबांनी समितीकडून मंजुरी आणली. डबी संग्रहात राहील, लिंग घरच्यांना मिळेल. लिंग ही बघायची वस्तू नव्हे, असं साहेब स्वतःच म्हणाले आणि शंकरप्पांनी त्यांना हात जोडले. निघताना वर्षाराणीनं पडदा दाखवला. आता चष्मा होता, सगळं स्वच्छ दिसलं. एका पानावर कोटवाला तरुण, हयात. दुसऱ्या पानावर करडगी, मुदखेड, आणि फोटोच्या जागी एक करडा चौकोन. खाली लिहिलं होतं, छायाचित्र उपलब्ध नाही.

हेच तर त्यांना हवं होतं. यासाठीच तर हेलपाटे घातले होते. तरी तो चौकोन बघून त्यांना गलबलून आलं.

"माझाच राहू दे की तिथं," ते म्हणाले. "मला चालतंय."

"काका, तसं करता येत नाही. ते चुकीचं होईल."

"हाव. चुकीचं तर हायच."

लिंग रुमालात बांधून, सदऱ्याच्या आत, स्वतःच्या लिंगाशेजारी ठेवून त्यांनी औशाला आणलं. मठाच्या स्वामींना विचारलं. तुमच्या आजीच्या समाधीशेजारी मातीत ठेवा, ते म्हणाले.

सकाळी आत्या आंघोळ करून तयार होती. तिनं शंकरप्पांना पाटावर बसवलं आणि समोर बसली. "अप्पा, डावा हात करा." त्यांनी केला. तिनं त्या तळहातावर विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि त्यावर ते लिंग ठेवलं. मग त्यांची बोटं एकेक करून मिटली आणि आपल्या दोन्ही हातांत ती मूठ धरून ठेवली.

"लई वाट बघाय लावली, अप्पा," ती म्हणाली. "मी दारात उभी ऱ्हायचे. आई आत घ्यायची ओढून. आता हात रिकामा न्हाई तुमचा. जावा सुखानं."

ती कुणाशी बोलते आहे हे शंकरप्पांना त्या घडीला कळत होतं आणि आपण कोण म्हणून उत्तर द्यायचं हे कळत नव्हतं. गप्प राहावं, तर ती इतकी वर्षं गप्पपणाच ऐकत आलेली. घरातून निघणारा माणूस कधी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो.

"जातो, बाई," ते म्हणाले.

आत्या रडली. शंकरप्पांनी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं, एखादी लहान पोर रडावी तशी, तोंड उघडं टाकून. मग तिनं डोळे पुसले, भिंतीला धरून उठली आणि चुलीकडं गेली. शिवकांतानं फुलांची पुडी आणून ठेवली. शंकरप्पा मूठ मिटून तसेच पाटावर बसून राहिले.

"शंकर, ऊन चढायच्या आत जाऊन ये रे," आतून आवाज आला.

शंकरप्पांनी दाराकडं बघितलं. शेजारचं कुणी आलं असेल असं त्यांना वाटलं. दारात कुणी नव्हतं.

"आरं शंकर, ऐकू येत न्हाई का तुला?"

तेव्हा कुठं ते उठले.